सिरोंच्याहून गडचिरोली किती लांब? एक जिल्हा कसा चालतो, सोप्या भाषेत

गडचिरोलीचा दक्षिण भाग तोडून अहेरी जिल्हा वेगळा करा, ही मागणी बातम्यांत पुन्हा पुन्हा येते. मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, निवडणुकीत आश्वासन मिळतं. दूरच्या वाचकाला मात्र प्रश्न पडतो, जिल्हा वेगळा झाला म्हणजे नेमकं काय बदलतं? रस्ते तेच, नद्या त्याच, माणसंही तीच. मग एवढा आग्रह कशासाठी?

याचं उत्तर एका प्रवासात आहे. सिरोंचा हे महाराष्ट्राच्या आग्नेय टोकाचं तालुक्याचं गाव. तिथल्या निवृत्त शिक्षकाची पेन्शनची फाइल जिल्हा परिषदेत अडली, किंवा मुलीच्या प्रवेशासाठी जमातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यायची असली, तर गडचिरोली गाठावी लागते. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई ते पुणे यापेक्षा जास्त, आणि वाटेत ना द्रुतगती मार्ग ना रेल्वे. सकाळच्या एसटीनं निघालेला माणूस पोहोचेपर्यंत कार्यालयाचा बराचसा दिवस सरलेला असतो. साहेब दौऱ्यावर असले की मुक्काम करायचा, नाहीतर हात हलवत परत फिरायचं. एका सहीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडते.

नकाशावरच्या रंगीत तुकड्यापेक्षा हे अंतर डोळ्यांसमोर ठेवलं, तर जिल्हा लवकर समजतो. हा लेख मी त्याच अंतराच्या मापानं लिहितो आहे.

## आधी जमीन बघू

गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून गोव्याशी ताडून बघा. गडचिरोली गोव्याच्या जवळपास चौपट आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साडेचौदा लाखांवर लोक होते, गडचिरोलीत १० लाख ७२ हजार ९४२. महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ३६५ माणसं राहत होती, इथं ७४.

शंभर माणसांची पंगत एका मांडवात बसली, तर चार वाढपी पुरतात. तीच शंभर माणसं पाच शेतांत पांगून बसली, तर स्वयंपाक तेवढाच लागतो, पण वाढप्यांची पायपीट कितीतरी वाढते आणि शेवटच्या शेतात वरण थंड होऊन पोहोचतं. गडचिरोलीच्या कारभाराचं दुखणं समजायला ही पंगत पुरेशी आहे. निधी, योजना, अधिकारी यांचे आकडे माणशी मोजले की ठीकठाक दिसतात. शेवटच्या टोल्यापर्यंत, म्हणजे छोट्या पाड्यापर्यंत, जायचं अंतर त्या आकड्यांत धरलेलं नसतं.

जिल्हा उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि त्याच्या कडा मुख्यतः नद्यांनी आखल्या आहेत. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा पश्चिम सीमेवरून खाली येते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते, आणि तिथून पुढे तिचं नाव प्राणहिता होतं. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडून छत्तीसगडची इंद्रावती येते, भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम तिच्यात येऊन मिळतात, आणि पुढे सोमनूरला तीही गोदावरीत शिरते. प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडे तेलंगणा, इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड.

वैनगंगेच्या काठचा पट्टा सपाट आहे. देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. इथं धान पिकतं, मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, आणि दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्या नाटकांचं माहेरघर. जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वे पोहोचली ती फक्त इथंच. पूर्वेला धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे सरकलं की डोंगर आणि घनदाट रान सुरू होतं. एकाच जिल्ह्यात हे दोन वेगळे भूगोल आहेत, आणि मुख्यालय सपाटीवरच्या भूगोलात आहे.

नदी सीमा असली की शेजाऱ्याचा निर्णय आपल्या बांधावर येतो. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगाकाठची इथली गावं सावध होतात. तेलंगणानं गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा बांधला, २०१९ मध्ये तो सुरू झाला, आणि सिरोंचा तालुक्यातल्या काठावरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या. त्यांची तक्रार सिरोंच्याच्या तहसीलदाराकडे जाते, पण बंधाऱ्याचा निर्णय हैदराबादेत होतो. तहसीलदार कितीही भला असला तरी त्याचा अधिकार नदीच्या मध्यावर संपतो.

भाषांचंही असंच आहे. सरकारी कागद मराठीत. सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू, भामरागड-एटापल्लीत माडिया आणि गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तिथं वसवलं गेलं. अर्ज लिहून घ्यायला दुसरा माणूस शोधावा लागतो तेव्हा किलोमीटरमध्ये न मोजता येणारं एक अंतर वाढतं.

## हा जिल्हा झाला कसा?

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली जन्माला आला. त्याआधी दोन्ही मिळून साडेपंचवीस हजार चौरस किलोमीटरहून मोठा असा एकच जिल्हा होता. बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागडजवळच्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा भामरागडच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण चंद्रपूर होतं. त्या काळाशी तुलना केली तर १९८२ नं अंतर खरंच कमी केलं.

आणखी मागे गेलं तर एक गंमतीची गोष्ट सापडते. आज जिल्ह्याचं शेवटचं टोक वाटणारं सिरोंचा एके काळी स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८६० मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला, मुख्यालय सिरोंचा. गोदावरीतून बोटी चालवून कापूस समुद्रापर्यंत न्यायची तेव्हाची योजना होती, त्यामुळे नदीकाठचं हे गाव मध्यावर आलं होतं. बोटींचा बेत फसला, १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं गेलं. वाहतूक नदीवरून रस्त्यावर गेली आणि मध्यावरचं गाव काठावर फेकलं गेलं. अहेरीचंही वजन जुनं आहे. चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी अहेरीची होती. आजच्या मागणीला या आठवणींचा आधार आहे.

## शब्द एक, यंत्रणा दोन

‘जिल्हा’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कलेक्टर येतो. पण जिल्ह्यात कारभाराच्या दोन वेगळ्या साखळ्या असतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की माणूस चुकीच्या दारात उभा राहतो.

घराचं उदाहरण घेऊ. घराचं कुंपण कुठपर्यंत, कागद कुणाच्या नावावर, आग लागली तर कुणाला बोलवायचं, घरात भांडण पेटलं तर आवर कोण घालणार, ही एक बाजू. रोजचं पाणी, मुलांची शाळा, आजाऱ्याचं औषध, अंगणातली वाट, ही दुसरी.

पहिली बाजू महसूल खात्याची. सर्वांत वर विभागीय आयुक्त. गडचिरोलीसाठी ते नागपूरला बसतात. त्यांच्याखाली जिल्हाधिकारी, मग काही तालुक्यांचा मिळून एक उपविभागीय अधिकारी, तालुक्याला तहसीलदार, मग मंडळ अधिकारी आणि गावपातळीवर तलाठी. तलाठ्याचं नाव सरकारनं आता ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण विदर्भातली जुनी माणसं अजून पटवारीच म्हणतात. सातबारा, फेरफार, दाखले, पुराची भरपाई, निवडणुकीची व्यवस्था हे सगळं या साखळीत येतं.

दुसरी बाजू जिल्हा परिषदेची. १९६१ च्या कायद्यानं आणि १ मे १९६२ पासून राज्यात ही व्यवस्था सुरू झाली. जिल्ह्याला जिल्हा परिषद, तालुक्याला पंचायत समिती, गावाला ग्रामपंचायत. इथं लोक सदस्य निवडून देतात आणि त्यांच्या जोडीला अधिकारी असतात, वर मुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्याला गटविकास अधिकारी. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावाची नळयोजना ही त्यांची कामं. शाळेचं छत गळतं म्हणून तहसील कार्यालयात अर्ज देणारा माणूस मूर्ख नसतो. ही वाटणी त्याला कुणी सांगितलेली नसते.

दुसऱ्या साखळीचा जीव लोकप्रतिनिधीत आहे. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकाच्या हाती गेल्या. हा प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच. शहरात याची झळ कमी बसते. दूरच्या तालुक्यात मात्र जिल्हा परिषद सदस्य हा गडचिरोलीपर्यंतचं अंतर तुमच्या वतीनं कापणारा माणूस असतो. तो नसेल, तर ते अंतर पुन्हा तुमच्याच पायांवर येतं.

## तिसरा नकाशा जंगलाचा

गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. त्यामुळे इथं महसूल आणि जिल्हा परिषद यांच्याबरोबर वन विभागाची तिसरी साखळी उभी आहे, आणि तिचा नकाशा तालुक्यांच्या नकाशाशी जुळत नाही. तालुके बारा आहेत: गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, मुलचेरा, देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, कोरची, अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा. वन विभाग पाच: गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा. आलापल्ली हे अहेरी तालुक्यातलं एक गाव, पण जंगलाच्या हिशेबात ते मोठं ठाणं. आदिवासी विकास खात्याची प्रकल्प कार्यालयं आणखी वेगळी, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड अशी तीन.

गावात रस्ता करायचा झाला तर हे त्रांगडं नीट दिसतं. रस्ता मंजूर एक खातं करतं, निधी दुसरं देतं, आणि वाट जंगलातून जात असेल तर वन विभागाची परवानगी लागते. तीन कार्यालयं तीन गावांत. कुणी मुद्दाम अडवत नसलं तरी कागद फिरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पावसाळा येऊन कामाचा हंगाम निघून जातो.

## ग्रामसभा मालक आहे, तर मग कलेक्टर कशाला?

हा प्रश्न बरेच जण विचारतात, आणि तो रास्त आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली ‘अनुसूचित क्षेत्र’ आहे. आदिवासींची वस्ती मोठी असलेल्या या भागाला कारभारात वेगळं संरक्षण दिलेलं असतं. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू होतो. पेसाचा गाभा साधा आहे: गावच्या संसाधनांबद्दलचा निर्णय गावातल्या सगळ्या प्रौढ माणसांच्या सभेनं करायचा. महाराष्ट्रानं याचे नियम २०१४ मध्ये केले. त्यांनुसार ग्रामपंचायतीतल्या एखाद्या टोल्यालाही रीतसर ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते. अंतराच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण निर्णयाची जागा माणसाच्या अंगणात येते.

२००६ चा वनहक्क कायदा त्याच्या जोडीला आला. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक ठरलं. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याचा हक्क मान्य झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याच गावची घोषणा.

पण हक्काचा कागद हातात आल्यावरही बांबू विकता येईना. वाहतुकीचा परवाना वन विभाग देत असे, आणि बांबू हे गौण वनउपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारा माल, मानायला तो तयार नव्हता. गवत की झाड, असा हा वाद. वनहक्क कायद्यात बांबूचं नाव गौण वनउपजात स्पष्ट लिहिलेलं असूनही हे घडलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री मेंढ्यात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या.

कलेक्टर कशाला, याचं उत्तर याच गोष्टीत आहे. ग्रामसभेला हक्क असतो, पण तो दुसऱ्या खात्यानं मानला नाही तर दाद कुठं मागायची? दोन गावांच्या हद्दीचा वाद कुणापुढे न्यायचा? वनहक्काच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. ग्रामसभा बळकट झाली म्हणून जिल्ह्याची गरज संपत नाही. उलट, दाद मागायची जागा जवळ असण्याची गरज वाढते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचा प्रश्न बघा. डोंगर स्थानिकांच्या श्रद्धेचा, खाणीचा परवाना सरकारचा, आणि जनसुनावणी कुठं भरवायची यावरूनच वाद. सुनावणी डोंगराच्या पायथ्याशी होते की शंभरावर किलोमीटर दूर, यावर तिथं किती माडिया माणसं पोहोचतील हे ठरतं.

## नवा जिल्हा करतं कोण?

राज्य सरकार. केंद्राची परवानगी किंवा संसदेचा कायदा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार राज्याला अधिसूचना काढून जिल्हे, तालुके तयार करता येतात, मोडता येतात, त्यांच्या हद्दी आणि नावं बदलता येतात. अट एवढीच की आधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात.

सध्या आणखी एक अडचण आहे, जनगणना. मोजणी चालू असताना हद्दी बदलल्या तर हिशेब कोलमडेल, म्हणून जनगणना २०२७ साठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ ची स्थिती धरून गोठवल्या गेल्या. मोजणी उरकेपर्यंत नवा जिल्हा किंवा तालुका अमलात येणं अवघड, हे लक्षात ठेवून बातम्या वाचाव्यात.

महाराष्ट्रात शेवटचा नवा जिल्हा पालघर. १ ऑगस्ट २०१४ ला तो ठाण्यातून वेगळा झाला आणि राज्याचे ३६ जिल्हे झाले. तिथं मुख्यालयावरून ओढाताण झाली. डोंगरातल्या आदिवासी पट्ट्याला जव्हार हवं होतं, मान मिळाला रेल्वेमार्गावरच्या पालघरला. नवा जिल्हा झाला तरी जव्हार-मोखाड्याच्या माणसाला डोंगर उतरावाच लागला. अहेरीची मागणी करणाऱ्यांनी हे उदाहरण नीट अभ्यासावं, असं मला मनापासून वाटतं.

## काही नेहमीच्या शंका

‘आता सगळं ऑनलाइन आहे, अंतराचा प्रश्न कुठं उरला?’ सातबारा मोबाइलवर दिसतो, काही दाखल्यांचे अर्ज सेतू केंद्रातून करता येतात, हे खरंच मोठं काम झालं आहे. पण टोल्यावर नेटवर्क नसेल तर त्या दाखल्यासाठीही चालत तालुका गाठावा लागतो. सुनावणी, तपासणी, अडलेली फाइल आणि रुग्णालयातला बिछाना तर ऑनलाइन येतच नाहीत.

‘जिल्हा झाला की विकास होतो.’ इथं मी जरा थांबतो. गडचिरोलीला स्वतःचं जिल्हा रुग्णालय मिळालं, न्यायालय मिळालं, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आलं. जिल्हा वेगळा नसता तर यातलं किती तिथं आलं असतं, याची मला शंका आहे. पण जिल्हा वार्षिक योजनेचा निधी लोकसंख्या, क्षेत्रफळ अशा निकषांवर ठरतो. जिल्ह्याचे दोन केले म्हणून तो दुप्पट होत नाही. भाकरी तीच, ताटं दोन. शिवाय दुर्गम भागात पदं मंजूर असतात पण माणसं टिकत नाहीत, बदलीचे अर्ज आधीच टेबलावर पडलेले असतात. नव्या मुख्यालयात इमारती उठल्या आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर सिरोंच्याच्या माणसाला परत फिरावं लागेल, फक्त थोड्या जवळच्या गावाहून.

‘आमदार-खासदार वाढतील का?’ नाही. मतदारसंघ वेगळ्या कायद्यानं, परिसीमन आयोगाकडून ठरतात. आजही गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघ गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे.

‘मग अहेरीला आधी काहीच नाही का?’ आहे. अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय तिथं आहे, अपर पोलीस अधीक्षकही तिथं बसतात. म्हणजे महसूल आणि पोलीस या दोन साखळ्यांनी अंतर आधीच थोडं तोडलं आहे. जिल्हा परिषद मात्र अजून गडचिरोलीतच आहे, आणि शाळा, दवाखाना, पाणी हे रोजचं सगळं तिच्याकडे. जिल्ह्याची घोषणा होईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शिक्षण आणि आरोग्य विभागांनी महिन्यातले ठरावीक दिवस अहेरीत बसावं, फाइलींसह आणि सहीच्या अधिकारासह. याला नवा कायदा लागत नाही.

## मसुदा आला तर काय बघायचं?

नव्या अहेरी जिल्ह्यात साधारणपणे अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा हे तालुके धरले जातात. सिरोंच्याचं अंतर त्यानं जवळपास निम्मं होईल. भामरागडच्या माणसाचा प्रवासही बराच आखूड होईल. पण मसुद्यातली तालुक्यांची यादी वाचून थांबू नये. कोणत्या खात्याचं जिल्हा कार्यालय पहिल्या दिवसापासून सुरू होणार, किती पदं भरून मिळणार, वन विभाग आणि आदिवासी प्रकल्पांच्या हद्दी नव्या जिल्ह्याशी जुळवणार की आहेत तशाच ठेवणार, हे त्यात शोधावं.

हरकती घ्यायला मुदत ठरलेली असते. मसुदा राजपत्रात, मराठीत, सरकारी भाषेत निघेल. इंद्रावतीकाठच्या टोल्यावरच्या ग्रामसभेत तो माडियातून, सिरोंच्याच्या गावांत तेलुगूतून, मुलचेऱ्यात बंगालीतून कुणी वाचून दाखवला का, आणि तिथल्या बायाबापड्यांचं म्हणणं मुदतीच्या आत लिहून घेतलं का, हे मी सर्वांत आधी विचारीन.